फुलामागचा लाल ठिपका

मधमाशी मेलेली होती. मंगळवारी सकाळी बागेत मी तिचे सेहेचाळीस फोटो काढले, आणि ती मेलेली होती हे मला गुरुवारी दुपारी कळलं. गुंडी, माझी लेक, आत झोपली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला तिचं अर्धं चावलेलं बिस्कीट, दुसऱ्या बाजूला वाळत घालायचे राहिलेले कपडे, आणि मधल्या वीतभर जागेत लॅपटॉप. फोटो बघायला दोन दिवस लागले, कारण माझा दिवस म्हणजे गुंडीच्या झोपेचा सव्वा तास. बाकीचा दिवस तिचा, भांड्यांचा, आणि कुठे काय ठेवलं ते शोधण्याचा. पहिला फोटो उघडला आणि मनात म्हटलं, जमलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदा डोळा टिपला गेला होता. नुसता काळा ठिपका नव्हे, तर डोळ्यातली बारीक जाळी, जाळीत उगवलेले केस, केसांना चिकटलेले परागकण, एकेक मोजता येईल असे. फोटो मोठा करत गेले. डोळ्याखाली, मानेशी, एक पाकळी जरा जास्तच पिवळी वाटत होती. आणखी मोठा केला. पाकळीला सांधा होता. पाकळीला सांधा नसतो, हे कळायला मला किती वेळ लागला असेल? बोट तसंच बटणावर राहिलं. सांध्याच्या वर आणखी एक सांधा, मग एक गुळगुळीत पोट, फुलाच्याच रंगाचं, आणि त्या पोटाच्या पुढे आठ टाचण्यांची डोकी खोचावीत तसे डोळे. ते सगळे माझ्याकडे बघत होते. कोळ्याने मधमाशीला मानेत धरलं होतं, अगदी मिठी मारावी तसं.

मंगळवारी मी किती खूश होते! घरी येताना रस्त्याने गुंडीला सांगत होते, आज माशी किती शहाणी होती, हलली म्हणून नाही, आईसाठी थांबली. आणि गुंडी बादली वाजवत म्हणत होती, शहाणी माशी, शहाणी माशी. मला वाटलं होतं की मीच आता शिकले, माझं चोरपावलं टाकणं, माझं श्वास धरणं, म्हणून ती उडाली नाही. गुंडी व्हायच्या आधी सहा वर्षं मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये होते. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी बघायच्या, डाव्या हाताने काच सरकवायची. एका काचेवर हजारभर सारख्या गोल पेशी आणि त्यांत एखादीच वेडीवाकडी. ती एक सुटली तर कुणाच्या तरी घरातलं छप्पर कोसळतं. माझ्या हातून कधी सुटली नाही. आमच्या मोठ्या बाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "हिच्या डोळ्यांत तेल नाही, अख्खी तेलाची घाणी आहे." त्याच डोळ्यांनी मी सतरा मिनिटं एका मेलेल्या माशीकडे तीन बोटांच्या अंतरावरून बघितलं आणि तिला शहाणी म्हटलं. पण खरं सांगायचं तर त्या फसण्यात थोडी गंमतही होती. हे नवऱ्याला दाखवू, तो कसा दचकेल, असं मनात आलंच. मग वाटलं, सगळेच फोटो मेलेले नसतील, एखाद्यात तरी ती जिवंत असेल. म्हणून मी लॅबमधल्यासारखी बसले, पाठ ताठ, आणि एकामागून एक फोटो सरकवायला लागले. माशीच्या मिश्या हलल्यात का, पाय सरकलेत का. दोन फोटोंत फरक शोधताना एकच गोष्ट बघायची नसते, सगळी चौकट एकदम बघायची असते. ती सवय अजून बोटांत होती. तिने घात केला. की तिनेच सांगितलं, कोण जाणे.

माझ्या भिंगाची तऱ्हा आधी सांगायला हवी. कीटकांचे फोटो काढायचं खरं भिंग परवडण्यासारखं नव्हतं, आणि मला ते हवंच आहे का हेही माहीत नव्हतं. जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराने एक कडी दिली, तिने साधं भिंग कॅमेऱ्याला उलटं बसतं. उलटं बसवलं की ते जवळचं बघायला लागतं. "पण ताई, आता हे भिंग स्वतः काही करणार नाही," तो म्हणाला होता, "सगळं तुम्हीच करायचं. मागेपुढे व्हायचं, श्वास धरायचा. आणि ही गोल पट्टी अकरावर ठेवायची. नवीन लोक ती दोनवर ठेवतात, कारण दोनवर सगळं छान उजेडात दिसतं. फोटोत मात्र एक केस स्पष्ट आणि बाकीचं पिठलं. अकरावर काचेत अंधार येईल, घाबरू नका." मी अर्थात दोनवर ठेवली. चार आठवडे माझ्या फोटोंत पिठलंच होतं, हिरवं, पिवळं, कधी निळसर, आणि मला ते आवडायचंही, जगातलं सगळं वितळून एक मिशी तेवढी शिल्लक राहिलीय असं. या मंगळवारी पहिल्यांदा त्याचं ऐकलं. आधी दोनवर माशीचा डोळा धरला, मग न हलता पट्टी अकरावर फिरवली. काचेत तिन्हीसांजेसारखा अंधार झाला, आणि त्या अंधारात मी अंदाजाने बटण दाबत राहिले. म्हणून या सेहेचाळीस फोटोंत फुलाच्या मागे पिठलं नाही. मागच्या गोष्टींना आकार आहेत. अंधुक, सुजलेले, पण आकार. फाटकाचा करडा पट्टा. गवताची हिरवी पट्टी. आणि गवतावर, माशीच्या पंखाच्या जरा वर, नखाएवढा लाल ठिपका.

तो लाल ठिपका म्हणजे गुंडी. लाल झगा, लाल बादली, खाली मान घालून माती भरत बसलेली. तिला मी मुद्दाम तिथे बसवते. म्हणजे हे मी ठरवून केलं होतं, पहिल्याच दिवशी, नवऱ्याने विचारलं तेव्हा. तो म्हणाला होता, "आणि तू फुलात डोकं घातल्यावर गुंडी काय करणार?" मी म्हटलं, "ती माझ्यासमोरच असेल. फुलाच्या बरोब्बर मागे. मला तिच्याकडे बघावंच लागेल." तो हसला, म्हणाला, "वा, म्हणजे एका दगडात दोन माश्या." नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत आहे. एका इमारतीत दार नीट न लागता लिफ्ट वर गेली होती, त्याच्या डोळ्यांदेखत. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून तो कुठलंही दार तीनदा ओढून बघतो, आमच्या घराचं, शेजाऱ्यांचं, फ्रीजचंसुद्धा. त्या माणसाला मी सांगितलं होतं, माझ्यासमोर असते. आणि तो निर्धास्त झाला होता. पहिल्या फोटोत लाल ठिपका माशीच्या पंखावर. दुसऱ्यात तिथेच. दहाव्यात जरासा उंच, उभी राहिली असेल. सतराव्यापर्यंत तिथेच. अठराव्यात ठिपका डावीकडे, फाटकाच्या करड्या पट्ट्याला लागलेला. एकोणिसाव्यात अर्धाच, पट्ट्याने कापलेला. विसाव्यात नाही.

मी एकविसावा बघितला. बाविसावा. मनात म्हटलं, कॅमेरा हलला असेल, मी कोन बदलला असेन. पण फाटक तिथेच होतं, गवत तिथेच, माशी तर कुठे जाणार होती! तेविसावा. गवतावर एक छोटा लाल कण होता, बादली. बादली होती आणि गुंडी नव्हती. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेरा वेळ लिहून ठेवतो, ती मी एरवी कधी बघत नाही. दहा वाजून सेहेचाळीस मिनिटं. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. मी भराभर बटण दाबत गेले आणि फोटोंत माशी होती, डोळा होता, परागकण होते, किती स्पष्ट होते, एकापेक्षा एक सरस, आणि मागे हिरवी पट्टी मोकळी. चौतिसाव्या फोटोत, दहा त्रेपन्नला, करड्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक उंच निळा डाग होता. त्याच्या खाली, त्याला चिकटून, लाल. पस्तिसाव्यात निळं आणि लाल गवताच्या मधोमध. सदतिसाव्यात लाल आपल्या जागी, माशीच्या पंखावर, आणि निळं कुठेच नाही. मग सेहेचाळीसपर्यंत सगळं जसंच्या तसं. सात मिनिटं. फाटकाबाहेर पायऱ्या नाहीत, कट्टा नाही, थेट रस्ता आहे आणि बसचा थांबा. माझे तळहात ओले झाले होते आणि मी ते कपड्यांच्या ढिगाला पुसत होते, त्यातल्या तिच्याच मोज्यांना, हे मला नंतर दिसलं.

ती सात मिनिटं मला आठवत होती, हेच वाईट होतं. आठवत नसती तर म्हणता आलं असतं की डोळा लागला, चक्कर आली, काहीतरी. पण मला ती एकेक आठवत होती. कोपर ओल्या मातीत रुतलं होतं आणि गार लागत होतं. मानेवर ऊन होतं. गुंडी झाल्यापासून माझ्या डोक्यात एक यंत्र सुरू असतं, ते कधी बंद होत नाही; तिने खाल्लं का, तिला ओलं झालं का, ती गप्प का आहे, ती ओरडते का आहे. आंघोळ करतानाही नळाच्या आवाजात तिचं रडणं ऐकू येतं आणि मी साबण लागलेल्या अंगाने दार उघडून बघते, तर ती आपली ठोकळ्यांशी खेळत असते. ते यंत्र त्या सात मिनिटांत बंद पडलं होतं. कसलाच आवाज नव्हता. मला वाटलं होतं, हेच सुख. अगदी याच शब्दांत वाटलं होतं, आणि पुढे असंही वाटलं होतं की हे चोरून घेतलेलं आहे म्हणून इतकं गोड आहे. नेमक्या त्याच वेळी ती रस्त्यावर होती. माझ्या आतलं यंत्र बंद पडलं आणि ती उठून चालायला लागली, असं काहीतरी. जणू त्या यंत्राच्या दोरीनेच ती बांधलेली होती. असलं मनात येऊ नये. पण आलं. मग त्याच्यामागून दुसरं आलं, ते अधिक साधं होतं. या एका मंगळवारी पट्टी अकरावर होती म्हणून दिसलं. आधीचे चार आठवडे पट्टी दोनवर होती. आधीच्या सगळ्या फोटोंत पिठलं आहे. मी ते उघडून बघितले, सगळे, मंगळवारचे आणि शुक्रवारचे. हिरव्यात लाल मिसळलंय की नाही, किती मिसळलंय, पडद्याला नाक लावून बघत राहिले. काही कळत नव्हतं.

मी उठून आत गेले. ती पालथी झोपली होती, एक पाय चादरीबाहेर, तोंड उघडं, गालाखाली लाळेचा छोटा गोल. मी तिला तपासलं. दुसरा शब्द नाही त्याला. तळपाय बघितले, गुडघे बघितले, केसांतून हात फिरवला, मनगटं उलटी करून बघितली, जणू दोन दिवसांपूर्वीचं काही त्यांच्यावर उमटून राहिलेलं असेल. कोपराला एक जुना ओरखडा होता, तो घरातल्या खुर्चीचा, मला माहीत होता. ती निळी व्यक्ती कोण? बाई की बापया? तिने हिला हात धरून आणलं की उचलून? काही खायला दिलं का? काही बोलली का? हिच्या केसांना, या केसांना, कुणी हात लावला का? मी एवढी जवळून बघणारी, आणि मला माझ्या मुलीच्या आयुष्यातली सात मिनिटं माहीत नव्हती. तिच्या जन्मापासूनचं एकूणएक मिनिट मला माहीत आहे अशी माझी समजूत होती. ती जागी झाली आणि मला तिच्याशेजारी जमिनीवर बसलेली बघून हसली. मी आवाज शक्य तितका साधा ठेवला. म्हटलं, "गुंडे, बागेत ना, तुला कुणी हात धरून आणलं होतं?"

"निळी मावशी."

"कोण निळी मावशी?"

"निळी."

"काय म्हणाली ती तुला?"

गुंडीने बराच विचार केला. विचार करताना ती खालचा ओठ बाहेर काढते. "दूध," ती म्हणाली.

"दूध म्हणाली?"

"नाही गं आई! मला दूध दे."

संध्याकाळी नवरा आला. आला तो नेहमीसारखा दार तीनदा ओढून, आणि चपला काढता काढता म्हणाला, "आमच्या साहेबांची लिफ्ट आज मधेच अडकली. साहेब आत, मी बाहेर. काय सांगू, इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता." मी हसले. म्हणजे मला हसायला आलं. तोंड आपलं काम करत होतं. लॅपटॉप टेबलावर तसाच उघडा होता. मी बंद केला नव्हता. बहुतेक मला वाटत होतं की त्याला आपोआप दिसेल, मला बोलावं लागणार नाही. त्याने ओल्या हातांनीच फोटो बघायला सुरुवात केली. कोळी दिसल्यावर तो खरंच दचकला, "अगं बाई, ही तर गेलेली आहे की!" म्हणाला, आणि मग एकेक फोटो पुढे सरकवायला लागला. मी गॅसपाशी उभी होते. दूध वर येत होतं, ते बघत होते. आता तो अठराव्याला येईल, आता विसाव्याला. दारं तपासणारा माणूस आहे, त्याला दिसेलच. त्याला दिसलं की मी सांगेन. मी मनात वाक्य तयार ठेवलं होतं: मला आजच कळलं.

"हा," तो म्हणाला. "हा बघ. हा सगळ्यात भारी."

मी मागे वळले. एकतिसावा होता.

"बाकीच्यांत मागे काहीतरी लाल-लाल येतंय, नजर तिकडे जाते. यात मागे बघ, तो एक कण सोडला तर काही नाही. एकदम स्वच्छ. हा मोठा करून घेऊ, त्या भिंतीवर लावू."

दूध उतू गेलं. तो धावत आला, गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसता पुसता माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून म्हणाला, "कलाकार झालीस म्हणून दुधाकडे बघायचं नाही का?" त्या क्षणी मी सांगू शकले असते. त्याचा चेहरा इतका जवळ होता की मला त्याच्या पापणीवरची धूळ दिसत होती. पण तो खूश होता, माझ्यासाठी खूश होता, आणि मला कळलं की मी सांगितलं तर तो ओरडणार नाही. ओरडणाऱ्यातला तो नाहीच. तो फक्त उद्यापासून मलाही तीनदा ओढून बघेल. कामावरून फोन करेल, समोर आहे ना, असं विचारेल, मग हसेल, मग पुन्हा करेल. मी म्हटलं, "लावू." गुंडी त्याच्या पायात घुटमळत होती, त्याने तिला उचलून पडद्यासमोर धरलं, "ही कोण?" तर ती ओरडली, "शहाणी माशी!"

शुक्रवारी सकाळी मी कॅमेरा घेतला नाही. फाटकापाशी पोचेपर्यंत गुंडीचा हात इतका घट्ट धरला होता की ती म्हणाली, "आई, हात माझा आहे." फाटकाला दोन्ही बाजूंनी दगडी खांब आहेत, माणूसभर रुंद. त्यांच्या पलीकडे रस्ता. मी उभी राहून मोजलं, खांबापासून बसच्या चाकांपर्यंत माझी अकरा पावलं. तिची किती होतील? बाग उजाड वाटत होती, म्हणजे होती तशीच होती, पण मी पहिल्यांदाच तिच्याकडे उभ्याने बघत होते. फुलांच्या वाफ्यापलीकडे एवढी माणसं असतात हे मला माहीत नव्हतं. बाकावर वर्तमानपत्र वाचणारे दोघे म्हातारे होते, पळणारी एक मुलगी होती, आणि पायवाटेवर, बागखात्याचा निळा कोट घातलेली, लांब दांड्याच्या झाडूने पानं ओढणारी एक बाई होती. पन्नाशीची असेल. मला बघून तिने झाडू थांबवला नाही. गुंडी तिला बघून ओळखीचं हसली. मी म्हटलं, "मावशी, मंगळवारी माझ्या मुलीला..."

"आत्ता आलात होय विचारायला," ती म्हणाली.

"मला कालच कळलं."

"काल?" तिने झाडू थांबवला आणि मला खालून वर बघितलं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. माहीत आहे आणि चालतंय."

गुंडी माझा हात सोडवून बादली घेऊन गवतावर बसली. मी तिच्याकडे तोंड करून उभी राहिले. विचारलं, "किती वेळा?"

"मी काय मोजत बसते का, बाई? मला चाळीस झाडांखालचा कचरा आहे. चार वेळा झालं असेल. पाच धरा."

"पाच..."

"आणताना दरवेळी म्हणते मी, अगं, तुझी आई काय हरवलीय का? तर म्हणते, नाही, आई फुलात आहे."

"मग मला हाक का नाही मारली तुम्ही?" माझा आवाज चढला. तिच्यावर चढायचं काही कारण नव्हतं, पण चढला. "एकदा तरी हाक मारायची. हलवायचं मला. पाच वेळा माझी मुलगी रस्त्यावर जाते आणि तुम्ही..."

"मारली की हाक," ती शांतपणे म्हणाली. "पहिल्याच दिवशी मारली. तुमच्या पाठीशी उभं राहून, अहो ताई, अहो ताई, दोनदा. हिला हाताशी धरून. तुम्ही मागे बघितलंत का? नाही. असा हात केलात." तिने झाडू काखेत धरला आणि डावा हात मागे नेऊन पंजा पसरून दाखवला. थांबा. गप्प. "पोरगी पण तुमच्याकडे बघत होती आणि मी पण. मग म्हटलं, असेल बाईचं काहीतरी फार मोठं काम. मी काही शिकलेली नाही. तेव्हापासून आपली आणून बसवते."

मला तो हात आठवेना. मी तिथे उभी राहून माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. हा हात रोज तिला भरवतो, तिचं नाक पुसतो, ताप आहे का बघतो. हा मागे गेला होता आणि त्याने तिला थांब म्हटलं होतं, आणि मला सांगितलंही नव्हतं. एखादी सावली पडली होती का फुलावर एकदा? मी वैतागले होते का, उजेड गेला म्हणून? कदाचित. मी म्हटलं, "रस्त्यावर कुठे जाते ती? बसकडे?"

"जातेय कुठे!" बाई पुन्हा झाडायला लागली. तिच्या आवाजातली धार गेली होती. "कुठे जात नाही. त्या खांबामागे उभी राहते. खांबाला तोंड लावून, डोळ्यांवर हात घेऊन, हूं की चूं न करता. इतकं शहाणं पोर मी बघितलं नाही. एकदा म्हटलं, काय करतेस गं इथे एकटी? तर मलाच दटावलं, गप्प बस म्हणाली. आई शोधतेय मला."

पानांचा आवाज होत राहिला. सात मिनिटं, दहा सेहेचाळीस की कितीला, मला वेळेचे आकडेही नीट आठवेनात. एवढंच कळत होतं की अडीच फुटांचं माणूस डोळे मिटून सात मिनिटं उभं राहतं म्हणजे किती. तिच्याकडून घरात दोन मिनिटं धीर निघत नाही, लपल्या लपल्या स्वतःच ओरडते. तिथे ती सात मिनिटं थांबली होती, पाठीमागून बस जात असताना, पावलं ऐकत. पाच वेळा. आणि दरवेळी निळ्या कोटातली बाई आली होती. तरी पुढच्या वेळी पुन्हा गेली होती. मी गवताकडे बघितलं. बादली होती.

बादली होती आणि ती नव्हती, आणि मला माहीत होतं ती कुठे आहे. मला पक्कं माहीत होतं. खांबाच्या कडेने तिच्या झग्याचा कोपरा दिसत होता, या वेळी पिवळा, वाऱ्याने जरासा हलणारा. झाडणाऱ्या बाईनेही बघितलं आणि हनुवटीने तिकडे खूण केली, आता जा, अशी. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मला फक्त खेळातलं वाक्य म्हणायचं होतं, जरा गाण्यासारखं, जरा लटक्या काळजीने, कुठे गेली, कुठे गेली, कुठे बरं गेली माझी गुंडी. मी त्या वाक्यासाठी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून तिचं खरं नाव बाहेर आलं, जे घरात कुणी घेत नाही, जे फक्त लसीच्या कार्डावर लिहिलेलं आहे, आणि ते नाव नव्हतंच, ती किंकाळी होती. बाकावरचे दोघे म्हातारे उभे राहिले. पळणारी मुलगी थांबली. मी पुन्हा ओरडले, आणि पुन्हा. खांबामागून आधी एक डोळा आला, मग दुसरा, मग ती सगळी, तोंड पांढरं पडलेलं, आणि ती धावत सुटली, एक चप्पल मागे टाकून, आणि येऊन माझ्या गुडघ्यांवर आदळली. मी तिला उचललं. तिचं काळीज माझ्या गळ्यापाशी उडत होतं. "सापडले, आई," ती म्हणत होती, "सापडले मी, बघ ना, सापडले," आणि दोन्ही हातांनी माझं तोंड दाबत होती. आणि मी तिला कडेवर घेऊन, बागेच्या मधोमध उभी राहून, तिलाच हाका मारत होते.